जोडताट

स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं. अशी झाकणं पडून गप्प बसत नाहीत. आधी ऐटीत गोल फिरतात, मग घाईघाईने थरथरतात, आणि सगळं घर जागं झाल्याची खात्री पटली की मगच थांबतात. पहाटेचे साडेपाच झाले होते. शाल्मली स्वयंपाकघराकडे पाठ करून टेबलाशी संगणकावरचा आलेख बघत बसली होती. मान न वळवता तिने विचारलं, "रुंजी?"

उत्तर भरल्या तोंडाने आलं. "मी नाही."

"मग कोण आहे?"

"भूक आहे."

सहा वर्षांची भूक स्टुलावर उभी राहून भडंगाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून होती. हनुवटीला शेंगदाण्याचं साल चिकटलेलं. शाल्मलीने तिला उचलून खाली घेतलं तेव्हा तिचं पोट खरोखरच गुरगुरलं, मांजराच्या पिल्लासारखं. शाल्मलीने कान लावून ऐकलं, आणि दोघी हसल्या.

"दात घासलेस?"

"भुकेला कुठे दात असतात!"

खुर्चीवर रुंजीला आखूड झालेले फ्रॉक घड्या करून ठेवले होते. खालच्या मजल्यावरच्या बाळीला द्यायला. रुंजीने भडंग चावता चावता त्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि हिशेब मांडला. "माझे फ्रॉक बाळीला. माझी तीनचाकी बाळीला. माझा दात उंदराला. सगळं कुणाला ना कुणाला जातंच, ना आई?"

"जातंच," शाल्मली म्हणाली, आणि तिचे डोळे पुन्हा आलेखाकडे वळले.

आलेख एका बाईच्या रोजच्या खाण्याचा होता, करवतीसारखा. सहा दिवस सपाट, सातव्या दिवशी, सोमवारी, खाली दात. पुन्हा सहा दिवस सपाट, पुन्हा दात. बारा आठवडे, अकरा दात. शरीरात पाळीचं चक्र असतं, झोपेचं असतं. पण सात दिवसांचं घड्याळ कुठल्याच ग्रंथीत नसतं. सोमवार फक्त माणसाला कळतो.

*

म्हैसाळच्या रस्त्यावर, उसाच्या फडांमध्ये, पोषण प्रयोगकेंद्राची पांढरी इमारत होती. सलग तिसऱ्या वर्षी गव्हाची ओंबी उन्हाने करपली, तेव्हा ते केंद्र सुरू झालं. तिथे 'तृप्ती'ची परीक्षा चालली होती.

तृप्ती म्हणजे लस. जेवण झालं की आतड्याच्या खालच्या टोकाकडच्या काही पेशी मेंदूला निरोप पाठवतात, 'पुरे आता.' निरोप पोचायला वीस मिनिटं लागतात, आणि तीन-चार तासांत तो विझतो; मग पुन्हा भूक लागते. तृप्ती त्या पेशींना एकच नवी गोष्ट शिकवायची, निरोप विझू न देणं. एक सुई, आणि वर्षभर माणूस नुकताच पानावरून उठल्यासारखा. खायचं राहत नव्हतं, पण निम्म्यावर यायचं. सगळ्या देशाने निम्मं खाल्लं तर तूट उरतच नव्हती.

प्रश्न एवढाच होता की लस घेतलेला माणूस पुढे अशक्त झाला, तर दोष कुणाचा? लशीचा, की कमी खाण्याचा? हे वेगळं काढायची एक जुनी रीत आहे, उंदरांवर वापरतात ती. इथे तिला 'जोडताट' म्हणत. दोन सारख्या व्यक्तींची जोडी लावायची. एकीला खरी लस, दुसरीला मिठाच्या पाण्याची सुई. लसवाली तिच्या मनाने जेवेल, मागेल ते मागेल, टाकेल ते टाकेल. ताटाखालचा काटा तिचा घास न् घास मोजेल. आणि दुसरीला दुसऱ्या दिवशी नेमकं तेवढंच, तेच, त्याच वजनाचं मिळेल. पहिलीचं ते पुढचं ताट, दुसरीचं ते मागचं. दोघींचं खाणं एकच. फरक काय तो लशीचा. शास्त्राला ही रीत स्वच्छ वाटते, कारण मागच्या ताटावर बसलेल्या उंदराला काय वाटतं हा तिच्यातला प्रश्नच नव्हे.

कोण कुणाची जोडीदार, हे स्वयंसेवकांना कळू द्यायचं नाही. ताटं एकमेकांना बांधलेली आहेत हेसुद्धा नाही. त्यांच्या संमतिपत्रावर फक्त एवढं होतं की 'आहार अभ्यासाच्या गरजेनुसार कमी-जास्त होईल.' पहाटे पाचला संगणक मागची ताटं लिहून द्यायचा, आठला बंद डबे यायचे, आणि शाल्मली ते पुन्हा एकदा काट्यावर ठेवून पुढे करायची. ती तिथली आहारतज्ज्ञ. स्वयंसेवक बायका तिला काटेबाई म्हणत.

हे नाव मालनने पाडलेलं. मालन चौतीस वर्षांची, शाळेत पोषण आहार शिजवणारी. दोनशे पोरांची खिचडी एकटी रटरटवायची. वीस आठवडे पुरे करणाऱ्याला जिल्ह्याच्या मोठ्या स्वयंपाकघरात कायमची जागा मिळणार होती, म्हणून ती आली होती. पहिल्या दिवशी वाटी हातात घेऊन तिने विचारलं होतं, "काटेबाई, ही आमटी वजनाची हाय का चवीची?"

"दोन्हीची," शाल्मली म्हणाली होती.

"मग एक काय तरी खोटं लिवलंय बगा." आणि ती एवढ्या मोठ्याने हसली होती की शेजारच्या खोलीतल्या अंबूअक्का बघायला आल्या.

अंबूअक्का पन्नाशीच्या, वाकळी शिवणाऱ्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून मालन त्यांची धाकटी बहीण झाली. जेवायच्या खोल्या वेगळ्या, पण दुपारी व्हरांड्यात दोघी एकत्र बसत. अक्का जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडत, मालन सुईत दोरा ओवून देई.

अक्का पुढचं ताट होत्या. मालन त्यांचं मागचं ताट. संगणकाने त्यांची जोडी लावली तेव्हा दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

*

त्या सकाळी शाल्मली व्हरांड्यात गेली तेव्हा अक्का एकट्याच होत्या. मालन तपासणीच्या फिरत्या पट्ट्यावर चालायला गेली होती.

"अक्का, तुम्ही सोमवारी जेवत नाही?"

अक्का दचकल्या. मग सुई डोक्यात खोचून लाजल्यासारखं हसल्या. "सापडले का मी? मला भूक लागतच न्हाई बघा हितं आल्यापासून. म्हटलं, तशीबी भूक न्हाई, तर देवाच्या खात्यात तरी जाऊ दे. सोळा सोमवार धरलेत."

"कशासाठी?"

"माझ्यासाठी काय मागायचं राहिलंय आता? मालनसाठी." त्यांनी आवाज खाली आणला. "पहिल्याच आठवड्यात पोरीचं गाल आत गेलं. तिला दिसतं तसं सोसत न्हाई वो. दिवसातनं धा बार वास घेत स्वयंपाकघराच्या दारापतोर जाऊन येती. मी म्हटलं, म्हादेवा, हिला अन्न लागू दे. हिच्यासाठी मी उपाशी ऱ्हाते."

शाल्मलीने व्हरांड्याचा कठडा धरला. करवतीचा प्रत्येक दात तिला आता दिसला. अक्कांच्या सोमवारच्या ताटात संध्याकाळची एक वाटी. म्हणून मालनच्या मंगळवारच्या ताटात एक वाटी. अकरा मंगळवार.

"काय झालं वो काटेबाई? चूक हाय का काय?"

"नाही, अक्का."

*

संचालक डॉ. हेरवाडकर मृदू बोलणारे गृहस्थ होते. टेबलावर कायम ताजी फुलं. शाल्मलीचं सगळं त्यांनी मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

"सुंदर निरीक्षण आहे," ते म्हणाले. "खरंच. आलेखावरून व्रत ओळखलंत तुम्ही."

"सर, आपण अक्कांना सांगायला हवं."

"काय सांगणार? की तुमच्या उपवासाने दुसऱ्या कुणाचं ताट घटतंय? त्या क्षणी जोडी बाद. बाद जोडी म्हणजे मालनबाई घरी, तेही अपूर्ण. त्यांना ती नोकरी हवी आहे ना?" त्यांनी एक सुकलेलं पान अलगद खुडलं. "आणि हे बघा, लस उद्या उपवास करणाऱ्यांनाही देणारच आहोत आपण. आपला देश उपवास करतो. मग प्रयोगाने का करू नये?"

"मालन खंगते आहे, सर."

"मर्यादा आहे ना? मूळ वजनाच्या एक पंचमांश घट झाली की प्रयोग आपोआप थांबतो. एकसष्ट होत्या; अठ्ठेचाळीस-आठशेला थांबेल. तुमच्या काट्यावर विश्वास ठेवा."

तिने काट्यावर विश्वास ठेवला. पण मन राहिना. म्हणून तिने अर्धंच बोलायचं ठरवलं. पुढल्या रविवारी ती अक्कांच्या शेजारी बसली आणि वाकळीच्या टाक्यांकडे बघत म्हणाली, "अक्का, सोमवार सोडा ना. देव काही रागावणार नाही."

"का बरं?"

"तसंच."

"मालनचं काय वाईट आलंय का तपासणीत?"

शाल्मली गप्प बसली. तेवढं गप्प बसणं अक्कांना पुरलं.

त्या सोमवारपासून अक्कांनी गुरुवारही धरला. आणि बाकीच्या दिवशी एकवेळ जेवायचं ठरवलं. आलेखातले दात गेले. करवतीचं सगळं पातंच खाली घसरलं.

*

चौदाव्या आठवड्यात मालनचं हसणं थांबलं. तिच्या बोटांना सतत काहीतरी मळायची सवय लागली. चादरीचं टोक ती पोळीच्या कणकेसारखं मळत बसे. दुपारी ती अक्कांना पदार्थ सांगे. वांग्याला चिरा कशा द्यायच्या, तिळाचं कूट कधी घालायचं. अक्का मान डोलवत. त्यांना त्या वर्णनाने मळमळे, पण मालनला बरं वाटतं म्हणून ऐकत.

"मालनताई, घरी जायचंय का?" शाल्मलीने विचारलं. "कधीही जाता येतं. सही केलीत तरी."

"सहा आठवडं राहिलं की वो." मालन वाटीत पाणी फिरवून ते प्यायली. सगळ्यांनाच तो नियम होता, वाटी धुऊन प्यायची, कण सोडायचा नाही. पण मालन आता तीनदा धुवायची. "शाळंत मी पोरांना दटवायची बगा. कुणी दुसऱ्यांदा भात मागाय आलं की म्हणायची, किती खातंस रं भस्म्या, पोट हाय का पोतं. रोज एक-दोघं तरी मान खाली घालून जायची." तिने वाटीत पुन्हा पाणी ओतलं. "ती एकेक तोंडं डोळ्याफुडं येत्यात. मोठ्या स्वयंपाकघरात गेले ना, की कुणाला बी न्हाई म्हणणार न्हाई."

पंधराव्या आठवड्यात काटा एकोणपन्नास किलो चारशेवर आला आणि तिथेच राहिला. सोळाव्यातही तोच. शाल्मलीने देवाचे आभार मानले. हेरवाडकर म्हणाले, "बघा, शरीर जुळवून घेतं."

मग एका सकाळी मालन चप्पल घालायला वाकली आणि चप्पल पावलात जाईना. शाल्मलीने तिच्या घोट्याजवळ अंगठा दाबला. अंगठा उचलला, खळी तशीच राहिली. कणकेत बोट रुतवल्यासारखी.

ते पाणी होतं. मांस आणि चरबी संपत आली की रक्तातली प्रथिनं उतरतात, रक्त पाणी धरून ठेवू शकत नाही, आणि ते पायात झिरपतं. मालन झिजत होती, आणि झिजलेल्या प्रत्येक किलोच्या जागी पाणी भरत होतं. काट्याला दोन्ही सारखंच.

"पाण्याचं वजन वजा करायचा नियम आराखड्यात नाही," हेरवाडकर म्हणाले. "तीन आठवड्यांवर आलंय, शाल्मली. तुम्ही लेकुरवाळ्या आहात, मी समजू शकतो. पण सहानुभूती हे मोजमाप नव्हे." मग आणखी मृदूपणे, "तुमचा करारही याच महिन्यात नव्याने व्हायचा आहे ना?"

त्या संध्याकाळी रुंजीने दुसऱ्यांदा भात मागितला. शाल्मलीने वाढला. मग न मागता तिसऱ्यांदा वाढला. "आई, पुरे की!" रुंजी ओरडली, तरी शाल्मलीचा हात थांबत नव्हता.

*

सोळा सोमवार पुरे झाले. सतराव्या सोमवारी उद्यापन.

अक्कांनी चुरमा मागितला होता. पुढच्या ताटाला वाटेल ते मागायची मुभा असल्याने केंद्राच्या स्वयंपाकघराने तो केला. गव्हाचा, तुपातला, गुळाचा, मिळून पाव किलोचे पाच लाडू. अक्का ताटासमोर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, ह्यातला एक मालनला न्हेऊन द्या की वो. परसाद हाय."

"नेता येत नाही, अक्का."

आणि हे म्हणता म्हणताच शाल्मलीच्या मनात दिवा लागला. नेता येत नव्हता. पण पोचवता येत होता! नियमाने मालनला उपाशी ठेवलं होतं, तोच नियम तिला जेवू घालू शकत होता. एका अक्षरानेही गुपित न फोडता. इतके दिवस हे कसं सुचलं नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

ती अक्कांच्या समोर मांडी घालून बसली. "अक्का, आज उद्यापन ना? मग व्रत सुफळ व्हायला पोटभर जेवायला नको का? जाईल तेवढं खा. नाही गेलं तरी खा. मालनसाठी खा."

"मला घास उतरत न्हाई वो, पोट भरल्यागत हाय सारखं—"

"मालनसाठी."

अक्कांनी खाल्लं. एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर, डोळे मिटून, कपाळावर घाम येईतो. मध्ये एकदा उठून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, तोंडावर पदर धरून, आणि परत येऊन बसल्या. चार लाडू गेले. वर भात, वरण. शाल्मली लहान मुलाला भरवावं तशी त्यांच्याशी बोलत राहिली. ताटाखालचा काटा मोजत राहिला.

मंगळवारी सकाळी मालनचा डबा उचलताना शाल्मलीच्या हाताला तो जड लागला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती गुणगुणली.

मालनने झाकण उघडलं. बराच वेळ ती नुसती वास घेत राहिली. "काटेबाई, चुकून दुसऱ्या कुणाचा तर न्हाई ना?"

"तुमचाच आहे. सावकाश खा."

एवढंच ती म्हणाली. सावकाश खा. मालनने खाल्लं, आणि पुसून खाल्लं, आणि वाटी एकदाच धुऊन प्यायली. दुपारी ती व्हरांड्यात अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून हसली, पूर्वीसारखी. "अक्का, तुमचा देव लई गुणाचा. एक दिवस उशिरा देतोय, पण देतोय."

अक्कांनी आकाशाकडे बघून हात जोडले. प्रसाद पोचला होता! देवाने ऐकलं होतं. त्या आनंदात त्या मंगळवारी रात्री जेवल्या, बुधवारी दोन्ही वेळा जेवल्या, मळमळ गिळून जेवल्या. मालन जेवते तर मी का नको? आणि बुधवारी, गुरुवारी मालनचा डबा जडच येत राहिला. गुरुवारी मालन म्हणाली, जरा दम लागतोय, हातापायाला मुंग्या येतात. एवढ्या दिवसांनी जेवल्यावर सुस्ती यायचीच, असं सगळ्यांनाच वाटलं. शाल्मलीलाही.

शुक्रवारी पहाटे मालन गेली. झोपेत, कुशीवर, चादरीचं टोक मुठीत.

*

शाल्मलीला ते शिकवलेलं होतं. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारच्या तासाला. उपाशी शरीर स्वतःची चरबी जाळून जगतं, आणि त्यात पेशींमधला फॉस्फेटचा साठा हळूहळू रिता होतो. रक्तात मात्र तो ठीक दिसतो, म्हणून कुणाला कळत नाही. मग अचानक भरपूर पीठ-साखर पोटात येते. शरीर आनंदाने इन्सुलिन सोडतं, इन्सुलिन रक्तातलं होतं नव्हतं ते फॉस्फेट पेशींमध्ये ढकलतं, आणि हृदयाच्या स्नायूला आकसायला ताकदच उरत नाही. वेढ्यातून सुटलेली माणसं पहिल्या पोटभर जेवणांनी मेल्याच्या गोष्टी सरांनी सांगितल्या होत्या. तिने वहीत तांबड्या शाईने लिहून घेतलं होतं: 'उपाशी माणसाला चमच्याने द्यावे.'

तिला ते आठवलं मालनचं अंग धुताना. तोवर तिच्यातली आहारतज्ज्ञ गप्प होती, कारण तिच्यातली आई खूश होती. मूल जेवलं की आई काही विचारत नाही.

अहवालात ही जोडी बाद झाली नाही. उलट तिने अहवाल उचलून धरला. हेरवाडकरांनी ते वाक्य स्वतः लिहिलं: 'तंतोतंत समान आहार असूनही लसप्राप्त व्यक्तीचे हृदय स्थिर राहिले, लस न घेतलेल्या व्यक्तीने तो आहार सोसला नाही. तृप्तीचा संरक्षक परिणाम असल्याची शक्यता.' शाल्मलीने त्याखाली सही केली. न करती तर तिला सांगावं लागलं असतं की चुरमा कुणी भरवला.

अक्का निघायच्या दिवशी तिच्या खोलीशी आल्या. काखेत वाकळ. तुकड्या-तुकड्यांची, पुरी झालेली.

"मालनला म्हणून शिवली हुती. आता तुमच्या लेकीला घ्या." मग दारातच थांबल्या. "बाई, खरं सांगा. माझ्या व्रतात काय कमी पडलं का वो?"

"नाही, अक्का. काही कमी पडलं नाही."

*

जूनमध्ये शाळा उघडल्या. जिल्ह्याचं मोठं स्वयंपाकघर काही उघडलं नाही. त्याची गरजच उरली नव्हती. प्रत्येक शाळेत तृप्तीची पेटी आली, आणि पोषण आहाराच्या शेगड्या ट्रकमध्ये घालून नेण्यात आल्या. फक्त सहा वर्षांखालच्यांसाठी परवानगी अजून यायची होती.

रुंजीच्या दप्तरातून संमतिपत्र आलं. शाल्मलीने ते चार दिवस फ्रीजवर चुंबकाखाली ठेवलं. पाचव्या दिवशी सही केली. लस निर्दोष आहे, तिने स्वतःला सांगितलं. आणि ती होतीच निर्दोष. मालनला लस दिलेलीच नव्हती.

सुई टोचून दहा दिवस झाले. पहाटे साडेपाचला शाल्मली टेबलाशी बसली होती. स्वयंपाकघरात भडंगाच्या डब्यावर झाकण होतं. तिने ते मुद्दाम सैल करून ठेवलं होतं, कडेला, पडेल असं. दहा दिवस ते जागचं हललं नव्हतं.

वाकळ अंगाभोवती गुंडाळून रुंजी बाहेर आली. आईच्या मांडीवर चढून बसली. शाल्मलीने सवयीने तिच्या पोटाला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

"भडंग खाणार?"

"नको."

"दूध?"

"पोट भरलंय." रुंजी वाकळीच्या तुकड्यांवरून बोट फिरवत होती, निळ्यावरून तांबड्यावर, तांबड्यावरून हिरव्यावर. "आई, मला आता कधीच भूक लागत नाही."

"ती सुई दिली ना बाळा, म्हणून."

"म्हणजे माझी भूक गेली?"

"गेली."

रुंजीने खुर्चीकडे बघितलं. तिथे आखूड झालेल्या फ्रॉकचा नवा गठ्ठा होता, घड्या घातलेला, खालच्या मजल्यावर जायला तयार.

"मग ती कुणाला गेली? बाळीला?"